आई, एवढाच फरक का?

प्रश्न : माझा मुलगा यंदा दहावीला आहे. विज्ञानाच्या पुस्तकात पुरुष आणि स्त्री प्रजनन संस्थेच्या आकृत्या आहेत. वर्गात ‘हे घरी वाचून घ्या’ एवढ्यावर धडा उरकला. घरी येऊन त्यानं मला विचारलं, ‘आई, मुलांचं बाहेर आणि मुलींचं आत, एवढाच फरक का?’ थोरल्या मुलीला पाळीचं सगळं मी नीट समजावलं होतं. याच्यापुढे मात्र जीभ रेटेना. काय सांगू, आणि किती?
– एक आई, कर्वेनगर, पुणे

उत्तर : ताई, मुलानं हे तुम्हाला विचारलं, मित्राच्या मोबाइलला नाही, याचा मला फार आनंद झाला. नवी पेठेतल्या माझ्या दवाखान्यात तीस वर्षांत मुलीला घेऊन आलेल्या आया खूप पाहिल्या. मुलाचं काही विचारायला आलेल्या बोटांवर मोजण्याइतक्या.

त्याचं निरीक्षण चूक नाही. पण सुरुवात फरकापासून करू नका, सारखेपणापासून करा. आईच्या पोटात पहिले सहा आठवडे मुलगा आणि मुलगी यांची ही इंद्रियं एकसारखीच असतात. आतल्या नळ्यांच्या दोन्ही जोड्या प्रत्येक गर्भात असतात. सातव्या आठवड्याच्या सुमारास वाय गुणसूत्रावरचं एक जनुक कामाला लागलं, की गर्भातल्या मूळच्या एकसारख्या ग्रंथींचे वृषण होतात, नाहीतर अंडाशय. मग एक जोडी वाढते, दुसरी विरून जाते. बाहेरच्या ज्या दोन घड्या मुलीत वेगळ्या राहतात, त्याच मुलात मधोमध जुळून वृषणांची पिशवी तयार होते. त्या पिशवीवर मधून गेलेली बारीक शिवण प्रत्येक मुलानं पाहिलेली असते. ती कशाची, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा.

आता ‘बाहेर’ का, ते. वृषण तयार होतात पोटातच, मूत्रपिंडाच्या खालच्या अंगाला, आणि जन्माच्या सुमारास खाली पिशवीत उतरतात. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. म्हणून थंडीत पिशवी आकसून अंगाला चिकटते आणि उन्हाळ्यात सैल लोंबते. ते पाहून मुलं घाबरतात, आपल्याला काही झालंय असं वाटतं. काही झालेलं नसतं. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडं खाली असणंही नेहमीचंच.

माझ्या मते खरा मोठा फरक वेळेच्या हिशेबाचा आहे. मुलगी जन्माला येते तीच दहा-वीस लाख अपक्व अंडपेशी घेऊन. नवी भर पडत नाही, साठा घटतच जातो. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पाळी जाईपर्यंत त्यांतल्या जेमतेम चारशे-पाचशे पिकून बाहेर पडतात. म्हणजे तुमची लेक जिच्यापासून झाली ती अंडपेशी तुमच्या आईच्या पोटात तुम्ही होतात तेव्हाच तयार झालेली होती. मुलाचं उलट. वयात येईपर्यंत शुक्राणू नसतातच. एकदा काम सुरू झालं की रोज कोट्यवधींनी, अगदी म्हातारपणापर्यंत. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण सत्तर दिवस लागतात. म्हणून जोराचा ताप येऊन गेला तर पुढचे दोन-तीन महिने त्यांची संख्या कमी दिसू शकते.

त्याच्या हातातली पेन्सिल घ्या, नीट टोक करा आणि कागदावर अगदी हलका ठिपका द्या. अंडपेशी साधारण एवढी, एका मिलिमीटरचा दहावा भाग. नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसेल अशी. शुक्राणू शेपटी धरून तिच्या निम्मा, आणि त्यातही बहुतेक शेपटीच.

वाटांचा फरक त्याला आकृतीतच दाखवा. मुलाची लघवी आणि वीर्य यांची शेवटची वाट एकच. ती प्रोस्टेट ग्रंथीमधून जाते. घरातले आजोबा रात्री चार-चारदा उठतात त्यामागे बऱ्याचदा हीच वाढलेली ग्रंथी असते. मुलीची लघवीची वाट वेगळी, योनीमार्ग वेगळा. तिची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषाची वीसच्या आसपास. म्हणून मुलींना लघवीचा जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि म्हणून शाळेतलं स्वच्छतागृह हा तिच्या तब्येतीचा प्रश्न असतो. आणखी एक गंमत: अंडनलिका अंडाशयाला घट्ट जोडलेली नसते. तिच्या टोकाच्या झालरी सुटलेली अंडपेशी अलगद टिपून घेतात.

मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं, हेही याच बैठकीत सांगून टाका. उद्या त्याच्या बायकोला कोणी बोल लावायला नको.

शब्दांचा एक घोळ आधीच सोडवा. अंडकोश मुलाचा, अंडाशय मुलीचा. हुशार मुलंही पेपरात अदलाबदल करतात. मुलं आपापसांत ‘गोट्या’ म्हणतात. म्हणू द्या, रागावू नका.

आता ज्यासाठी मी हे उत्तर इतकं लांबवलं ते. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तेरा वर्षांच्या मुलाला आईवडील माझ्याकडे घेऊन आले. आदल्या संध्याकाळपासून ‘पोटात दुखतंय’ म्हणत होता. त्यांनी ओवा दिला, शेक दिला. रात्री उलट्या झाल्या, बाहेरचं काही खाल्लं असेल असं वाटलं. मी पोट तपासलं, मऊ होतं. वडिलांना बाहेर थांबवून चड्डी खाली करायला सांगितली तेव्हा तो रडायला लागला. एक बाजू लाल होऊन सुजली होती आणि वर ओढली गेली होती. वृषणाला पीळ पडला होता. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. इथे सोळा-सतरा तास होऊन गेले होते. वृषण काढावं लागलं. एका वृषणावरही पुढचं सगळं नीट चालतं, तोही ठीक आहे. पण तिथे दुखतंय हे त्याला आईपुढे म्हणता आलं नाही आणि घरात तो शब्दच कधी कोणी उच्चारला नव्हता, हे मला आजही बोचतं.

तुमचं कर्वेनगर ज्यांच्या नावाचं, त्या महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून हेच विषय स्वतःच्या मासिकातून स्वच्छ मराठीत लिहिले. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. आपल्याला तर फक्त स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता बोलायचं आहे.

किती सांगू, असं विचारलंत. तो विचारेल तितकं. पण एक गोष्ट त्यानं विचारली नाही तरी सांगा: ‘तिथे अचानक जोरात दुखलं, तर पहाटेचे तीन वाजले असले तरी मला उठवायचं.’ बाबांनाही शेजारी बसवा.