फुकटचा हब घेऊ नका

प्रश्न: वकीलसाहेब, मी कोल्हापुरात राहतो, निवृत्त आहे. दोन वर्षांपूर्वी गाडीमागे ओढायचा छोटा कॅम्पर घेतला. दिवाळीत मालवणला जायचं ठरलं, म्हणून आठ दिवस आधी तो उद्यमनगरातल्या एका गॅरेजला दिला. चाकांच्या बेअरिंगला ग्रीस आणि ब्रेक सेटिंग, बिल ६,४०० रुपये. 'काम ओके' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही आहे. राधानगरीला चहाला थांबलो तेव्हा डाव्या चाकाजवळ करपल्यासारखा वास आला. ब्रेक नुकतेच सेट केलेत, त्यामुळे असेल असं वाटलं. फोंडा घाट उतरताना तेच चाक हबसकट (चाकाच्या मधल्या, बेअरिंग बसतात त्या भागासकट) निखळलं आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलवर आदळलं. त्या तरुणाचा पाय मोडला. गुन्हा माझ्यावर नोंदला गेला. विमा कंपनी 'मेकॅनिकल ब्रेकडाऊन'चं कारण सांगते. गॅरेजवाला म्हणतो, सामान जास्त होतं; वर म्हणतो, "आणा गाडी साहेब, फुकटात नवा हब बसवून देतो." कॅम्पर अजून पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. यात दोष माझा की गॅरेजचा?

उत्तर: आधी त्या फुकटच्या हबबद्दल बोलू, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तो घेऊ नका. गॅरेजवाल्याचा हेतू चांगलाही असेल, पण जुना हब, बेअरिंग आणि नट त्याच्या भंगाराच्या डब्यात पडले की तुमचा साक्षीदार गेला. मग ग्राहक आयोगासमोर तुमच्या हातात ६,४०० चं बिल आणि 'काम ओके'चा मेसेज एवढंच उरेल.

असल्या ट्रेलरच्या हबमध्ये साधारणपणे दोन टेपर बेअरिंग असतात, आत एक आणि बाहेर एक. ग्रीस भरायचं म्हणजे जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन काढायचं, रोलर पाहायचे, प्रत्येक रोलरच्या मागे नवं ग्रीस दाबून भरायचं, ऑइल सील बदलायचं. बाहेरून बोटाने लेप दिला म्हणजे झालं नव्हे. त्यानंतरचं काम नाजूक आहे. चाक फिरवत नट आवळायचा, रोलर जागेवर बसले की पुन्हा सैल करायचा, हाताने टेकवायचा आणि भोकात स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवायचे. किंचित प्ले, म्हणजे सैलपणा, राहायलाच हवा. चाकाचे नट आवळतात तसा पान्यावर जोर देऊन हा नट आवळला, तर बेअरिंग घाटापर्यंत पोचायच्या आधीच तापून निळी पडते. आणि पिनच घातली नाही, तर नट फिरत फिरत बाहेर येतो.

म्हणून स्टब एक्सलच्या, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या आसाच्या, टोकाचे जवळून फोटो घ्या. आटे शाबूत आहेत, नट नाही आणि पिनचा तुकडाही अडकलेला नाही, तर गोष्ट एक. टोक निळंकाळं पडलंय, आटे खरवडलेत, बेअरिंगची जाळी फुटलीय, तर गोष्ट दुसरी. दुसऱ्या गोष्टीत ब्रेकचाही हात असू शकतो. ब्रेकचा शू ड्रमला इतका जवळ सेट केला असेल की तो सतत घासत राहिला, तर हब तापतो आणि ग्रीस पातळ होऊन वाहून जातं. तुमचा करपलेला वास या दुसऱ्या गोष्टीशी जुळतो.

आता उजवं चाक. त्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तिथेच आहे. ते त्याच दिवशी, त्याच हातांनी सर्व्हिस झालं आणि ते अजून जागेवर आहे. डाव्या चाकाबद्दल गॅरेजवाला म्हणेल, घाटात खड्ड्यात आदळलं असेल. उजव्या चाकातही पिन नसेल किंवा नट तसाच घट्ट असेल, तर तो काय म्हणणार? पण ते स्वतः उघडू नका. अपघातग्रस्त वाहनाची तपासणी मोटार वाहन निरीक्षक करतात. त्यांच्या अहवालात बरेचदा 'ब्रेक ओके, स्टिअरिंग ओके' एवढ्यावर काम भागतं, म्हणून दोन्ही हब तपासून नोंद घ्यावी असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याकडे द्या. कॅम्पर सुपुर्तनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करतो अशा लेखी हमीवर) परत मिळाला की यंत्र शाखेच्या स्वतंत्र अभियंत्याकडून पंचांसमोर उघडून अहवाल घ्या. गॅरेजवाल्यालाही त्या वेळी हजर राहायला लेखी कळवा. आला नाही तरी तुमचं काम झालं. काढलेले भाग पिशवीत सीलबंद करा आणि धुऊ नका.

सामान जास्त होतं या आरोपाचं उत्तर वजनकाट्यावर मिळेल. आतलं सामान न काढता कॅम्पर काट्यावर घ्या, पावती ठेवा आणि आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. ऊसपट्ट्यात काट्यांना काय तोटा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. त्या तरुणाच्या दृष्टीने गॅरेज कुठेच नाही. त्याला लागलं ते तुमच्या कॅम्परचं चाक. तो मोटार अपघात दावा प्राधिकरणात जाईल, तो तुमच्यावर आणि विमा कंपनीवर. यांत्रिक बिघाड झाला एवढं म्हणून मालक सुटत नाही. मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलंय की दोष छुपा होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो सापडला नसता, हे मालकाने दाखवायचं असतं. आठ दिवस आधी सर्व्हिसिंग केलं, हा तुमचा भक्कम मुद्दा. पण राधानगरीचा वास त्याच मुद्द्याला खालून पोखरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये शब्दच तसे आहेत: जो दोष माहीत होता किंवा साधारण काळजी घेतली असती तर कळला असता. त्यामुळे अपघात होऊन कुणाला दुखापत झाली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. खेरीज भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५ लागलेली असतील; हाड मोडणं ही कायद्याने जबर दुखापत आहे. ती जामीनपात्र आहेत, घाबरून जाऊ नका.

वास आलाच नाही असं मात्र सांगू नका. गाडीत आणखी कुणी असेल, चहावाला असेल, आणि उलटतपासणीत एक खोटं निघालं की तुमचं खरंही कुणी ऐकत नाही. वास आला, आपण त्याचा अमुक अर्थ लावला, हे जसं घडलं तसंच सांगा. पण जबाबाआधी तुमच्या वकिलांना सोबत घ्या. (चहाला थांबल्यावर हबजवळ नुसता हात नेला असता तरी कळलं असतं. आता बोलून उपयोग नाही, पण पुढच्या वेळी प्रत्येक थांब्यावर दोन्ही बाजूंना हात नेऊन पाहा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त गरम लागली तर पुढे जायचं नाही.)

विमा कंपनीने दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय. यांत्रिक बिघाडाचा अपवाद आहे तो तुमच्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपुरता. बेअरिंगचे पैसे मिळणार नाहीत हे खरं. चाक निखळल्यानंतर कॅम्परची बॉडी घासली, चेपली, त्यावर भांडायला जागा आहे. जखमी तरुणाची भरपाई मात्र तृतीय पक्षाची, म्हणजे तिऱ्हाइताच्या नुकसानीची, जोखीम आहे, तिथे हा अपवाद चालत नाही. फक्त पॉलिसी काढून बघा, कॅम्पर तिच्यात आहे का. कायद्याच्या लेखी ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. नुसत्या गाडीचीच पॉलिसी असेल तर गाठ कठीण आहे, ते आजच कळलेलं बरं. अपघाताची लेखी खबर कंपनीला दिली नसेल तर आज द्या आणि नकार कलम क्रमांकासह लेखी मागा. लेखी तक्रारीनंतर महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही.

गॅरेजविरुद्धची जागा म्हणजे कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून इथेच आलंय म्हणून अलीकडे जो तो 'थेट हायकोर्टात जाऊ का' विचारतो. नाही. सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगातच सुरू होते, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. आयोगाची पायरी सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते, तुम्ही मागता त्या भरपाईवर नाही. आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. म्हणजे ६,४०० च्या बिलावर तुम्ही कॅम्परची दुरुस्ती, ओढून आणायचा खर्च, मनस्ताप हे सगळं मागू शकता. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्या म्हणतो. तो आकडा मनावर घेऊन बसू नका. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल, म्हणून तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. वासाचा मुद्दा इथेही निघेल आणि रक्कम थोडी कापली जाईल, असं धरूनच चाला.

एक विचारायचं राहिलं. कॅम्पर कधी भाड्याने देता का? देत असाल तर तुम्ही 'ग्राहक' नाहीच, हा गॅरेजच्या वकिलाचा पहिला आक्षेप असेल आणि विमा कंपनीचाही. माझ्यापासून लपवलंत तरी चालेल, स्वतःच्या वकिलापासून नको.

त्या तरुणाला भेटायला जरूर जा, उपचाराला हातभार लावावासा वाटला तर लावा, पण रोख नको. बँकेतून द्या आणि कशासाठी ते लिहा. 'चूक माझी, सगळं मी भरतो' असं कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका. आणि गॅरेजवाल्याचा फोन आला तर हब राहू दे म्हणा, काय ते मेसेजवर लिहून पाठवा.