भाद्रपदातच झोळी फिरवा

प्रश्न : काकू, आम्ही पाच मैत्रिणी दर रविवारी साताऱ्याजवळच्या एका डॉग शेल्टरमध्ये कामाला जातो. सध्या तिथे तेवीस पिल्लं आहेत, बहुतेक कुणीतरी खोक्यात घालून गेटाशी ठेवलेली. डॉक्टरांचं बिल थकलंय. मी पिल्लांचे फोटो आणि माझा क्यूआर कोड स्टेटसला लावते. महिनाभरात ४,३०० रुपये जमले, त्यातले हजार माझ्या आत्याचे. बाकीच्यांनी 'इथे माणसांना खायला नाही आणि कुत्र्यांसाठी कसले पैसे मागता?' असं सुनावलं. पैसे मागायचे तरी कसे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी आत्याला फोन कर आणि पावती पाठवते म्हणून सांग. नाही ना पावतीपुस्तक? मग तिथूनच सुरुवात करू.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर गेली नऊ वर्षं एका शेल्टरची वही लिहिते. मोठ्या कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवायला मला अजून धीर होत नाही, त्यामुळे माझ्याकडे आपोआप हिशेब आला. म्हणून हिशेबाचंच आधी सांगते. स्वतःच्या खात्यात लोकांचे पैसे घेणं आजच बंद कर. तुझ्या प्रामाणिकपणाची मला शंका नाही, पण चार महिन्यांनी तुलाच सांगता येणार नाही की खात्यातले ते तीनशे पिल्लांचे की मैत्रिणीने दिलेले पावभाजीचे. संस्था नोंदणीकृत असेल तर संस्थेच्या खात्याचा क्यूआर लाव. नसेल तर वर्गणी फिरवण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. गणपती मंडळं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली वर्गणीची परवानगी काढतात ना, तीच.

संस्थेला ८०-जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, मान्यता असेल तर ते पत्रकावर ठळक लिहा, पण खरं लिहा. नवी करप्रणाली निवडलेल्याला ती सवलत मिळत नाही आणि दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात धरत नाहीत. हे आधी सांगितलं नाही तर मार्चअखेरीस लोक तुमच्यावरच चिडतात. मी ऐकून घेतलंय.

आता फोटोंचं. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. वाटाणा नावाचं एक तपकिरी पिल्लू होतं, एक कान उभा, एक पडलेला. फोटोखाली लिहिलं, 'वाटाण्याला वाचवा.' दोन दिवसांत आठ हजार रुपये आले. तिसऱ्या दिवशी पहाटे वाटाणा पार्व्होने, पिल्लांच्या त्या जीवघेण्या साथीच्या रोगाने, गेला. रक्ताची हगवण चालू होती आणि अंगातलं पाणी इतकं गेलेलं की सलाईन लावायला डॉक्टरांना शीर सापडेना. त्याच सकाळी पुण्याच्या एका बाईंचा मेसेज आला : माझ्या वाटाण्याचा आजचा फोटो पाठवता का? मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दिलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, 'मग माझ्या पैशांचं काय झालं?' पैसे सलाईनला आणि इतर पिल्लांच्या औषधांना गेले होते, बिलंही होती. पण दोन दिवस गप्प बसल्यावर बिलं दाखवून काय उपयोग! त्या बाईंनी पुन्हा कधी पैसे दिले नाहीत.

तेव्हापासून आम्ही एका पिल्लाच्या नावावर पैसे मागत नाही, खोलीच्या नावावर मागतो. नव्या पिल्लांना पहिले चौदा दिवस वेगळं ठेवायची खोली, तिच्या दारातली ब्लीचच्या पाण्याची घमेली, तिथल्यापुरत्या वेगळ्या चपला. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. हे चार वाक्यांत सांगितलं की लोकांना पटतं, कारण फिनेल प्रत्येकाच्या घरी असतं.

आणि आकडा सांगून माग. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. मध्ये जंताचं औषध. डॉक्टरांकडून या सगळ्याचे दर लेखी घे, बेरीज कर आणि एका पिल्लाचा खर्च म्हणून तोच आकडा छाप. 'यथाशक्ती' लिहिलं की लोक एक्कावन्न रुपये देऊन मोकळे होतात. पुरा आकडा दिसला की ऑफिसातल्या चौघी मिळून एक पिल्लू उचलतात.

त्या आकड्यात मदतनीस मावशींचा पगार धर. आई नसलेल्या, डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी दूध पाजावं लागतं, तेही पिल्लांसाठीची पावडर कालवून, कारण गायीच्या दुधाने त्यांना हगवण लागते. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकं पुसायचं, तेव्हा कुठे त्याला शी-शू होते. पिल्लाची आई हे जिभेने करते. रात्री अडीच वाजता उठून जी बाई हे करते तिला घरभाडं भरायचं असतं. औषधांसाठी पैसे मागताना संस्थांची मान ताठ असते आणि पगाराचं नाव निघालं की खाली जाते. मला याचा राग येतो.

वेळेचंही बघ. 'भाद्रपदातला कुत्रा' असं आपण शिवीसारखं म्हणतो, पण आमच्या शेल्टरचं अख्खं अंदाजपत्रक त्या एका शिवीत बसतं. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. भाद्रपद-आश्विनात माजावर आली की कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं, ऐन थंडीत. म्हणजे तुम्ही गणपतीत मागायला हवं. सोसायटीच्या गणपतीत आरतीनंतर पाच मिनिटं माईक मागून घ्या, सगळे तिथेच असतात आणि प्रसादाशिवाय कुणी हलत नाही. पिल्लं दारात आल्यावर मागितलं की घाईघाईत मागितलं जातं, आणि घाईत फोटोच टाकावासा वाटतो.

दिवाळीआधी, घरं आवरताना, रद्दीचा रविवार करा. पिल्लांखाली अंथरायला वर्तमानपत्रं कितीही लागतात. चकचकीत मासिकं (हेही, संपादकांची क्षमा मागून) पाणी शोषत नाहीत, ती विकायची. सोबत जुन्या सुती साड्या आणि चादरी मागा. ग्लुकोज बिस्किटांचे पुडे मात्र नम्रपणे परत करा. रद्दीला सहसा कुणी नाही म्हणत नाही आणि एकदा रद्दी देऊन गेलेला माणूस पुढच्या वेळी शंभराची नोट काढतो.

'माणसांना खायला नाही' म्हणणाऱ्यांशी वाद घालू नकोस. आमच्या इमारतीत एक काका आहेत, रात्रीच्या भुंकण्याविरुद्ध महापालिकेला अर्जावर अर्ज करणारे. त्यांच्याकडे मी पिल्लांसाठी कधी गेले नाही. एकदा म्हटलं, 'खालच्या काळ्या कुत्रीची नसबंदी करायची आहे, नाहीतर थंडीत आणखी सहा भुंकतील.' त्यांनी सगळा खर्च दिला, वर पावतीवर नाव नको म्हणाले. नाव घातलंच, निनावी पावती मी फाडत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, तेव्हा नगरपालिकेत अर्ज देऊन पोच घेत राहा. पण अर्जाचं उत्तर येईस्तोवर कुत्री थांबत नाही.

महिन्याच्या पाच तारखेला देणाऱ्या प्रत्येकाला एक पान पाठवा : किती आले, कशावर गेले, किती पिल्लं घरी गेली, किती मेली. मेलेल्यांचा आकडा गाळू नका. आमच्या पानावर तो पहिल्यांदा छापला तेव्हा मला वाटलं होतं देणग्या आटतील. त्या महिन्यात दोघांनी फोन करून पार्व्होच्या लशींना वेगळे पैसे दिले.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो आमच्या गावच्या शेल्टरला पिल्लांच्या खोलीसाठी पैसे पाठवायला तयार आहे. सरळ संस्थेच्या खात्यात टाकले तर चालतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भावाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर चालतील, तो कायद्याने देशी देणगीदारच. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी वा परवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. गावच्या शेल्टरकडे ही नोंदणी सहसा नसते. तेव्हा खात्याचा नंबर कळवण्याआधी भावाला पासपोर्टचं विचारा.