मुरुमांचा दोष ताटाला द्यावा का?

प्रश्न : मी १८ वर्षांची असून नीटच्या तयारीसाठी लातूरला वसतिगृहात राहते. गेले वर्षभर कपाळावर आणि गालांवर मुरूम येत आहेत, परीक्षा जवळ आली की ते वाढतात. अंगात उष्णता झाली आहे असे घरचे म्हणतात, म्हणून मी तळलेले पदार्थ, शेंगदाणे, आंबा बंद केले, सब्जाचे पाणी सुरू केले आणि दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुते. केस गळू नयेत म्हणून रोज रात्री खोबरेल तेल लावते. मैत्रिणीने दिलेल्या एका ट्यूबने आठवडाभरात चेहरा स्वच्छ झाला, पण ती थांबवताच मुरूम दुप्पट झाले. माझे काय चुकते आहे?

उत्तर : तुमचे काही चुकले म्हणून मुरूम आलेले नाहीत, हे आधी मनाशी पक्के करा. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तेलग्रंथी अधिक तेल तयार करतात, केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते, त्यात साठलेल्या तेलावर त्वचेवरचेच जिवाणू वाढतात आणि ती जागा सुजून लाल होते. या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. राहणीमानामुळे ती कमी-जास्त होऊ शकते, इतकेच.

आहाराबद्दल सांगायचे तर शेंगदाणे किंवा आंबा ‘उष्ण’ असल्याने मुरूम येतात, याला वैद्यकीय आधार नाही. पुरावा आहे तो रक्तातील साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांबाबत. मेलबर्नमध्ये मुरूम असलेल्या ४३ तरुणांवर केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १२ आठवडे अशा पदार्थांचे पथ्य पाळणाऱ्यांचे मुरूम इतरांपेक्षा अधिक कमी झाले. मात्र त्यांचे वजनही उतरले होते, त्यामुळे सगळे श्रेय पथ्याला देता येत नाही. तरीही भरपूर साखरेचा चहा, त्यासोबत खारी-बिस्किटे आणि रात्रीच्या अभ्यासाला शीतपेय, असा दिनक्रम असेल तर तो बदलून पाहावा, मेसच्या ताटात भातापेक्षा डाळ, उसळ आणि भाजी जास्त घ्यावी. दुधाचा आणि मुरुमांचा संबंध काही पाहण्यांत दिसला आहे, पण तो सिद्ध झालेला नाही, त्यामुळे वाढीच्या वयात दूध सोडावे असे मी सांगणार नाही.

तेलाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण माझे लक्ष तिथेच थांबले. सकाळी उठल्यावर उशीचा अभ्रा नीट पाहा. कपाळ आणि गाल टेकतात तिथे तेलकट डाग दिसला, तर तेच तेल रात्रभर चेहऱ्याच्या छिद्रांवर बसलेले असते. केसांना पोमेड (केस बसवण्याचे तेलकट मलम) लावणाऱ्यांच्या कपाळावर येणाऱ्या अशा बारीक पुटकुळ्यांचे वर्णन अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० सालीच केले होते. तेल लावायचेच असेल तर आठवड्यातून एकदा, न्हाण्यापूर्वी तासभर लावून धुऊन टाकावे आणि अभ्रा वरचेवर बदलावा.

परीक्षेच्या काळात मुरूम वाढतात हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील २२ विद्यार्थ्यांची परीक्षेच्या आणि एरवीच्या काळात तपासणी केली असता ज्यांचा ताण अधिक वाढला त्यांचे मुरूमही अधिक बळावल्याचे २००३ साली नोंदवले गेले. नीटचा ताण टाळा असे सांगणे निरर्थक आहे, पण झोपेवर गदा आणू नका आणि वाचताना नकळत हात चेहऱ्याकडे जातो तो आवरा, कारण मुरूम फोडल्याने काळे डाग आणि खड्डे मागे राहण्याची शक्यता वाढते. पाच-सहा वेळा साबण लावल्याने त्वचा कोरडी पडते आणि चुरचुरते. सौम्य फेसवॉशने सकाळ-संध्याकाळ तोंड धुणे पुरेसे आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती त्या ट्यूबची. तिच्यावरील बारीक अक्षरे वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्याने लाली पटकन ओसरते, म्हणून गुण आल्यासारखे वाटते. औषध थांबताच मुरूम उसळून येतात आणि ते लावत राहिल्यास त्वचा पातळ होऊन रक्तवाहिन्या दिसू लागतात. ट्यूब पुन्हा लावू नका, मैत्रिणीलाही सांगा, कारण तीही ती वापरत असण्याची शक्यता आहे.

आता घरगुती प्रयोग पुरे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवा आणि ती ट्यूब सोबत न्या. मासिक पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर तेही न संकोचता सांगा, त्यानुसार तपासण्या ठरतात. बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापेलीन ही मुरुमांवर लावायची औषधे मिळाल्यास सुरुवातीला त्वचा थोडी सोलते, आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर औषध मध्येच सोडू नका, आणि शेंगदाण्याची चटणी पुन्हा खायला लागा.