प्लेटेडचा मुलामा, कोटेडचा लेप

प्रश्न अमेरिकेतल्या एका मराठी वाचकाचा आहे. पिस्तुलाची काडतुसं घरी पुन्हा भरण्यावर ते मराठीत टिपणं लिहीत आहेत. (तिथे हा कायदेशीर छंद आहे. भारतात काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो.) ‘कोटेड’ आणि ‘प्लेटेड’ या दोन्ही प्रकारच्या बुलेटना ‘मुलामा दिलेली गोळी’ म्हटलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

चालणार नाही. शिशावर थर कसा बसवला आणि तो कसा बिघडतो, दोन्ही बाबतींत हे प्रकार वेगळे आहेत. मराठीत दोन्हींसाठी स्वतंत्र शब्द आहेत, ते वापरावेत.

‘मुलामा’ मूळ अरबी ‘मुलम्मा’वरून आला. त्याच्या मूळ अरबी क्रियापदाचा अर्थ चमकणं. मराठीत मुलामा म्हणजे एका धातूवर चढवलेला दुसऱ्या धातूचा पातळ थर. प्लेटेड गोळीत नेमकं तेच होतं. शिशाचा गाभा तांब्याच्या द्रावणात ठेवून वीज सोडतात, तांबं सगळीकडून चढतं, मग साच्यात दाबून गोळी मापात आणतात. तेव्हा ‘तांब्याचा मुलामा चढवलेली गोळी’ हे वर्णन चोख. सराफाकडचं ‘सोन्याचं पाणी चढवणं’ जवळचं आहे, पण धातुकामात ते टाळावं. विळ्याला किंवा छिन्नीला ‘पाणी देणं’ म्हणजे तापवून बुडवून कडक करणं, आणि वाचक तिकडे वळेल. ‘कल्हई’ही नको. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून वितळलेलं कथील पुसतात ती कल्हई, तिथे विजेचा संबंध नाही.

कोटेड गोळी ओतीव शिशाची असते आणि तिच्यावरचा थर धातूचा नसून पॉलिमरचा. इथे ‘लेप’ हवा. ‘लेप’ म्हटलं की चंदनाचा ओला लेप आठवतो ही अडचण खरी, पण कृती पाहिली तर शब्द बसतो. ॲसिटोनमध्ये कालवलेलं रसायन गोळ्यांवर घालून त्या घोळवतात, पूर्ण सुकवतात आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला दहा-बारा मिनिटं भाजतात. असे दोन-तीन हात देतात. भाजल्यावर लेप ‘पक्का’ होतो. तो पक्का झाला का हे पाहायला ॲसिटोनने भिजवलेल्या फडक्याने गोळी पुसावी. फडक्याला रंग लागला तर लेप कच्चा, म्हणजे भट्टी कमी पडली. मग एक गोळी हातोडीने चपटी करावी. टवके उडाले तर लेपाने शिसं धरलेलं नाही, बहुधा हात जाड झाला किंवा पुरता सुकण्याआधीच भाजला गेला. कोरड्या भुकटीचा प्रकार असेल तर ‘पावडर कोटिंग’च लिहावं. लोखंडी कपाट-खिडक्यांमुळे तो शब्द घराघरांत पोचला आहे.

तिसरा प्रकार ‘जॅकेटेड’. त्यात तांब्याच्या मिश्रधातूचं वेगळं कवच गाभ्यावर बसवलेलं असतं, म्हणून ‘कवचाची गोळी’. ‘फुल मेटल जॅकेट’चं ‘संपूर्ण कवच’ असं शब्दशः करू नये, कारण नेहमीच्या प्रकारात बुडाशी शिसं उघडंच असतं. मुलाम्याच्या आणि लेपाच्या गोळीत बूडही झाकलेलं असतं.

आता ‘गोळी’विषयी. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाही गोळी म्हणतो, त्यामुळे ‘गोळ्या भरल्या’ म्हणजे मॅगझिनमध्ये घातल्या की काडतुसं तयार केली, हे कळत नाही. टिपणांत गोळी म्हणजे फक्त पुढचा शिशाचा भाग, असा नियम सुरुवातीलाच सांगावा. पितळी नळीला ‘पुंगळी’ म्हणावं. ‘रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ हे वर्तमानपत्रांतून सर्वांच्या वाचनातलं आहे. सगळं जुळलं की ‘काडतूस’. रीलोडिंगला ‘काडतूस पुन्हा भरणं’ पुरेसं आहे.

शब्दांची गल्लत इथे महागात पडते, कारण सूचना उलट्या दिशेच्या आहेत. लेपाच्या गोळ्या बहुधा किंचित जाड असतात. ९ मिमीत कवचाची ०.३५५ इंच, तर लेपाची साधारण ०.३५६ इंच. म्हणून गोळी बसवण्याआधी पुंगळीचं तोंड थोडं जास्त फाकवावं लागतं. नाही फाकवलं तर कडेने लेप खरवडला जातो, उघडं शिसं पिस्तुलाच्या नळीला घासतं आणि आत शिशाची पुटं चढतात. मुलाम्याच्या गोळीत मोठा धोका शेवटी, तोंड आवळताना. जास्त आवळलं तर मऊ शिशावरचा पातळ मुलामा कापला जातो, नेम बिघडतो, कधी तांब्याचा तुकडा सुटतो. तपासायला एक काडतूस उकलून गोळी काढावी. तिच्यावर खोल वर्तुळाकार खाच दिसली तर आवळणं कमी करावं. साध्या मुलाम्याच्या गोळ्यांना वेगाचीही मर्यादा असते, बहुतेक उत्पादक सेकंदाला १,२०० ते १,२५० फुटांच्या आसपास थांबायला सांगतात. काडतुसात भरायच्या दारूचं माप बघताना लेपाच्या गोळीसाठी ओतीव शिशाचा तक्ता घेतात. मुलाम्यासाठी उत्पादकाचा तक्ता नसेल तर ओतीव शिशाचाच, किंवा कवचाच्या तक्त्यातली खालची ते मधली मापं. कवचाच्या तक्त्यातलं सर्वांत वरचं माप दोन्हींना लावू नये.

क्रियापदंही ठरलेली ठेवा: मुलामा चढवतात आणि तो कापला जातो किंवा उडतो, लेप देतात आणि तो खरवडतो किंवा त्याचे टवके निघतात, कवच बसवतात आणि ते फाटतं. तुमच्या टिपणातली दोन वाक्यं मग अशी होतील: ‘लेपाची गोळी बसवताना कडेला रंगाचा कीस दिसला तर तोंड आणखी फाकवा. मुलाम्याच्या गोळीला तोंडाचा फाकवलेला भाग सरळ होईल इतकंच आवळा.’