२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सोलापूरच्या यंत्रमागाला डावललं, ही टीका खरी आहे का?

बऱ्याच अंशी खरी आहे. अर्थसंकल्पाचे आकडेच बघा: एकूण प्रस्तावित खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात वस्त्रोद्योग मंत्रालयाला ५,२७२ कोटी. म्हणजे हजार रुपयांत जेमतेम एक रुपया, तोही अख्ख्या देशाच्या कापडधंद्यासाठी. नुसत्या सरकारी कर्जाच्या व्याजापोटी हजारातले अडीचशे जातात. शटललेस म्हणजे धोट्याशिवाय चालणाऱ्या आधुनिक मागांच्या आणखी दोन प्रकारांवरचं आयात शुल्क माफ केलं, पण चादर-टॉवेलचे जुने साधे माग चालवणाऱ्या छोट्या कारखानदाराकडे नवा माग घ्यायला भांडवल कुठंय? (ज्याला परवडतं त्यालाच सूट!) मात्र वीजबिलाचा राग दिल्लीवर काढू नका, यंत्रमागाची वीज सवलत राज्य सरकार देतं.