डिस्चार्ज बुकात एक तारीख, पीपीओत दुसरी

वाचकांचे प्रश्न : माजी सैनिकांची कागदपत्रे

पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून जुन्या कागदांतल्या, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेले डिस्चार्ज बुक आणि पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ) यांतल्या, न जुळणाऱ्या तारखांबद्दल पत्रे वाढली आहेत. पूर्वी या चुका फायलीत पडून राहत. आता आधार, पॅन आणि सेवेची नोंद समोरासमोर येतात आणि फरक लगेच दिसतो. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. उत्तरे जवान आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) यांच्यापुरती आहेत, अधिकाऱ्यांच्या नोंदी वेगळ्या ठिकाणी राहतात.

प्रश्न : तोफखान्यातून २००४ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख १२ मार्च १९८४ आहे, पीपीओत १२ सप्टेंबर १९८४. सुटल्याची तारीख दोन्हीकडे ३१ मार्च २००४. बँकेने हात वर केले. आता कुठे जाऊ?
– निवृत्त हवालदार, सातारा जिल्हा

उत्तर : बँकेच्या हातात हे नव्हतेच. सेवेच्या तारखा लिहिते तुमचे रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे तुमच्या दलाच्या सेवानोंदी ठेवणारे कार्यालय. ते दावा पाठवते आणि त्यावरून संरक्षण लेखा खात्याचे प्रयागराजचे पीसीडीए पेन्शन कार्यालय पीपीओ काढते. चूक यांपैकी एका टप्प्यावर झाली आहे, आणि दुरुस्तीही त्याच वाटेने, रेकॉर्ड ऑफिसपासून सुरू होते. प्रयागराजला थेट अर्ज केला तर तो बहुधा रेकॉर्ड ऑफिसकडेच फिरून येतो आणि मधले महिने वाया जातात.

फरक किरकोळ समजू नका. १२ मार्च धरली तर सेवा २० वर्षे २० दिवस होते, १२ सप्टेंबर धरली तर १९ वर्षे ६ महिने २० दिवस. ‘वन रँक वन पेन्शन’चे (समान हुद्दा, समान सेवा, समान पेन्शन) तक्ते अर्ध्या-अर्ध्या वर्षाच्या ओळींचे असतात. म्हणजे तुमची पेन्शन वीस वर्षांच्या ओळीऐवजी साडेएकोणीस वर्षांच्या ओळीतून निघत असणार. तक्ते १ जुलै २०१४, १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाले. ओळ चुकली असेल तर प्रत्येक वेळी चुकलेल्या ओळीवरच वाढ मिळाली.

हाताने लिहिलेला ३ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, आणि मार्च-सप्टेंबरची गल्लत बहुतेक वेळा तिथूनच येते. तरी अर्जात ‘टायपिंगची चूक’ असे स्वतः ठरवून लिहू नका. मूळ नोंद काय आहे ते तपासावे, एवढेच मागा. मूळ म्हणजे भरतीच्या दिवशी भरलेला फॉर्म आणि त्यावरून तयार झालेला शीट रोल, म्हणजे सेवेची नोंदपत्रिका. डिस्चार्ज बुक हाही त्यावरून उतरवलेलाच कागद आहे, त्यामुळे चूक बुकातही असू शकते. हे मनाची तयारी म्हणून आधीच सांगतो.

अर्ज ‘ऑफिसर-इन-चार्ज रेकॉर्ड्स’ यांच्या नावे, पेन्शन विभागासाठी करा. तुमचे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे. इतर वाचकांसाठी : मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे (यंत्रदुरुस्ती दल) सिकंदराबादला, डीएससीचे (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) कन्नूरला. नौदलाच्या खलाशांनी मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे आणि वायुसैनिकांनी दिल्लीत सुब्रतो पार्कच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे लिहावे.

अर्जाच्या डोक्यावर आर्मी नंबर, हुद्दा, नाव. नंबरच्या शेवटचे अक्षर गाळू नका, नंबरातला एखादा आकडा चुकला तर तो त्या अक्षरावरूनच पकडता येतो. खाली चार रकान्यांचा छोटा तक्ता आखा : कोणती नोंद, डिस्चार्ज बुकात काय, पीपीओत काय, तुमची मागणी काय. एका अर्जात एकच विषय ठेवा. त्याच पत्रात बायकोच्या नावाचे स्पेलिंग आणि मुलाची जन्मतारीखही घातली की अर्ज तीन टेबलांवर फिरतो आणि तिन्हीकडे अडकतो. मागणी दोन वाक्यांत बसते : भरतीची तारीख मूळ सेवाकागदांवरून पडताळून दुरुस्त पीपीओ, म्हणजे कॉरिजेंडम, काढण्यासाठी दावा पाठवावा, आणि त्यानुसार पेन्शनची फेरआकारणी करून थकबाकी द्यावी.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडा, फक्त तारखेच्या पानाची नको. पहिला पीपीओ, नंतर आलेला प्रत्येक कॉरिजेंडम आणि ‘स्पर्श’वरचा पीपीओ लावा. आधार, पॅनही लावा. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्यांच्या शिफारसपत्रासह पाठवा, दुसरी स्वतः स्पीड पोस्टाने. पावती जपून ठेवा, पुढे कालावधी मोजताना तीच लागते.

मूळ डिस्चार्ज बुक टपालात टाकू नका. रेकॉर्ड ऑफिसने लेखी मागितले तरच, पूर्ण रंगीत प्रत घरी ठेवून, रजिस्टर्डने पाठवा. आणि बुकात स्वतःच्या पेनाने एक टिंबही दुरुस्त करू नका. खाडाखोड दिसली की खऱ्या तारखेवरही शंका घेतली जाते. बुकातली दुरुस्ती फक्त रेकॉर्ड ऑफिस सही-शिक्क्याने करते.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. पीपीओत ‘नॉन-क्वालिफाइंग सर्व्हिस’चा रकाना असतो. रजेवरून उशिरा हजर झाल्याचे किंवा विनारजा गैरहजेरीचे दिवस तिथे वजा होतात. तो रकाना रिकामा नसेल तर सेवा कमी दिसण्याचे एक कारण तेही असेल, आणि ती वजावट तारीख दुरुस्त होऊनही कायम राहील.

प्रश्न : वडिलांच्या डिस्चार्ज बुकात फौजेतून सुटल्याच्या दोन तारखा आहेत, एक जानेवारी १९७४ ची, दुसरी जानेवारी १९७९ ची. भरती जानेवारी १९६४ ची. यातली चुकीची कोणती आणि ती कशी काढून टाकायची?
– एक वाचक, चंदगड

उत्तर : काढू नका, दोन्ही बरोबर आहेत. त्या काळी भरती ‘कलर’ आणि ‘रिझर्व्ह’ अशा दोन टप्प्यांची असे. तुमच्या वडिलांनी दहा वर्षे प्रत्यक्ष वर्दीत काढली. १९७४ ला ते रिझर्व्हमध्ये गेले, म्हणजे घरी राहिले पण बोलावणे आले की हजर होण्यास बांधील होते, आणि १९७९ ला रिझर्व्हमधून मोकळे झाले. दोन्ही मिळून पंधरा वर्षे होतात आणि रिझर्व्हिस्ट पेन्शन त्या पंधरा वर्षांवरच उभी असते. मधली तारीख ‘चूक’ म्हणून दुरुस्त करायला गेलात तर पेन्शनचा पायाच प्रश्नात येईल. फॉर्ममध्ये एकच रकाना असेल तर ‘रिझर्व्हमध्ये बदली अमुक तारखेला, रिझर्व्हमधून मुक्त अमुक तारखेला’ असे दोन्ही लिहा आणि त्या पानाची प्रत लावा.

दोन तारखा दिसूनही चूक नसते, अशा आणखी तीन जागा आहेत. ३१ ऑगस्टला सुटलेल्या माणसाची पेन्शन १ सप्टेंबरला सुरू होते. भरतीची तारीख आणि कसम परेडची तारीख यांत प्रशिक्षणाचे महिने असतात, सेवा भरतीपासून मोजतात. आणि पेन्शननंतर डीएससीत गेलेल्यांची सेवा दोनदा सुरू होते व दोनदा संपते, कागदही दोन संच असतात. या दोन संचांतली तारीख एकमेकांत मिसळून ‘स्पर्श’वर चढलेली असेल तर मात्र ती दुरुस्त करून घ्यावी लागते.

प्रश्न : माझी जन्मतारीख फौजेत १ जुलै १९४६ आहे. शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर १ जून १९४४. शाळेप्रमाणे ८० वर्षे पूर्ण झाली, तरी वाढीव पेन्शन नाही. गॅझेटमध्ये बदल छापून घेतला, तोही चालला नाही.
– निवृत्त नाईक, संगमनेर

उत्तर : तुमची नाराजी समजते, पण सरळ उत्तर असे की ही तारीख बदलणे जवळजवळ अशक्य आहे, आणि त्यासाठी पुढे खर्च करू नये असे आमचे मत आहे.

तुमच्या दोन्ही तारखा अंदाजाच्या वाटतात. भरतीच्या वेळी नेमकी तारीख सांगता आली नाही आणि फक्त वर्ष माहीत असले तर १ जुलै धरायची, महिना माहीत असला तर त्या महिन्याची १६ तारीख, असा सरकारी नियम आहे. आपल्याकडे गावोगावच्या शाळांत प्रवेशाच्या वेळी गुरुजी १ जून लिहीत, हे आपल्या पिढीला सांगायला नको. म्हणजे इथे एका अंदाजाविरुद्ध दुसरा अंदाज उभा आहे, आणि फौजेने ज्या तारखेवर तुम्हाला घेतले, बढती दिली, पेन्शन दिली, तीच ग्राह्य धरली जाते. सरकारी सेवेत जन्मतारखेची हरकत सेवेच्या सुरुवातीच्या काही वर्षांतच घ्यायची असते. उशिरा केलेले असे दावे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार फेटाळले आहेत. राजपत्रात छापलेला बदल म्हणजे तुम्ही तो जाहीर केल्याचा पुरावा. रेकॉर्ड ऑफिसवर तो बंधनकारक होत नाही.

एकच फट आहे. भरतीच्या मूळ फॉर्मवर किंवा त्याला जोडलेल्या दाखल्यावर १९४४ असेल आणि पुढे उतरवताना १९४६ झाले असेल, तर ती लिहिण्यातली चूक ठरते आणि दुरुस्त होऊ शकते. त्यासाठी भरतीचा फॉर्म आणि शीट रोल यांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतींवर १९४६ च निघाली तर विषय तिथे संपवा.

मग उलट दिशेने चला आणि आधारवरची तारीख फौजेच्या नोंदीप्रमाणे करून घ्या. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून केंद्रावर जाण्यापूर्वी पॅनवर काय आहे तेही पाहा. फौजेच्या तारखेप्रमाणे ८० वर्षे जुलै २०२६ मध्ये होतात आणि २० टक्के वाढ त्या महिन्याच्या १ तारखेपासून लागते. पुढे ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. तोवर आधार आणि सेवेची नोंद एक असली तर वाढ अडणार नाही.

प्रश्न : आईला कुटुंब पेन्शन आहे. वडिलांच्या कागदांत तिची जन्मतारीख नाही, फक्त लग्नाचे वर्ष १९६५. आधारवर १ जानेवारी १९५५. थोरला भाऊ १९६८ चा. तारीख कशी लावायची?
– एक वाचक, खेड, जि. रत्नागिरी

उत्तर : पत्नीच्या तारखेचे नियम सैनिकाच्या तारखेइतके कडक नाहीत, ही नोंद होऊ शकते. पण १९५५ घेऊन जाऊ नका. त्या हिशोबाने आईचे लग्न दहाव्या वर्षी आणि पहिले मूल तेराव्या वर्षी होते. रेकॉर्ड ऑफिसमधला कारकून हा हिशोब पहिल्यांदा मांडतो आणि कागद परत येतात. आधारवर १ जानेवारी दिसते तेव्हा बहुधा नोंदणीच्या दिवशी कुणीतरी फक्त वय सांगितलेले असते.

आधी आईच्या माहेरचा शाळेचा दाखला शोधा. तिसरीपर्यंत शिकली असली तरी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असते आणि मुख्याध्यापक तिचा उतारा देतात. शाळाच झाली नसेल तर ग्रामपंचायत किंवा तहसीलमधल्या जुन्या जन्मनोंदी पाहा. मिळालेल्या पुराव्यावर प्रथम आधार, मग पॅन सुधारा. त्यानंतर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज : वडिलांचा आर्मी नंबर, पीपीओ, मृत्यूचा दाखला, आईचे प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, शाळेचा पुरावा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस. प्रतिज्ञापत्र नोटरीचे चालेल की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचे हवे, हे त्या रेकॉर्ड ऑफिसला आधी विचारा, कारण प्रत्येकाची मागणी सारखी नसते. नोंद मान्य झाली की ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे नोंदीतला बदल कळवणारी ऑर्डर, निघते. तिची प्रत मागून घ्या. ती हातात आल्याशिवाय ‘स्पर्श’वर तारीख बदलण्याची विनंती टाकली तर ती बहुधा नामंजूर होते.

हे काम आई हिंडती-फिरती असतानाच करा. ८० वर्षांनंतरची वाढ कुटुंब पेन्शनलाही आहे, आणि तारीखच नसेल तर ती कधीपासून द्यायची हे कुणालाच ठरवता येत नाही.

प्रश्न : तारखेच्या दुरुस्तीचा अर्ज करून आठ महिने झाले, उत्तर नाही. थांबू का?
– निवृत्त सुभेदार, मिरज

उत्तर : थांबू नका. आधी माहिती अधिकारात तीनच गोष्टी विचारा : अर्ज कोणत्या तारखेला नोंदला गेला, आज कोणत्या विभागात आहे, त्यावर काय शेरा आहे. या प्रश्नांनीच अनेक अर्ज हलतात.

अर्जाला सहा महिन्यांत निर्णय मिळाला नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाता येते, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. लेखी नकार आला असेल तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत जावे लागते. उशिराची किंमतही लक्षात ठेवा. २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पेन्शनमधली चूक दर महिन्याला नव्याने घडते, म्हणून उशिरा आलेलाही दाद मागू शकतो. पण थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते.

पेन्शन नसलेल्या, लवकर सुटलेल्या सैनिकांना जास्त घाई हवी. त्यांचे सेवाकागद २५ वर्षांनंतर नष्ट केले जातात, उरतो फक्त लाँग रोल, ज्यात एकेका माणसाची मोजकी नोंद असते. २००२ ला सुटलेल्यांची मुदत २०२७ ला भरते. त्यांनी दुरुस्ती हवी असो वा नसो, शीट रोलची प्रत आत्ताच मागून ठेवावी.