भाकरी कमी केली, गोळी तशीच राहिली

मधुमेहात कर्बोदके कमी करण्याविषयी वाचकांचे प्रश्न सातत्याने येत आहेत आणि त्यांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो: ताट बदललेले असते, औषधांची चिठ्ठी मात्र जुनीच असते. म्हणून या वेळी याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. साखरेचे सर्व आकडे मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.

प्रश्न : रात्री मी भात-पोळी घेत नाही, फक्त भाजी, पनीर आणि ताक घेतो. झोपताना साखर 125 असते, पण सकाळी उपाशीपोटी 150 भरते. असे का होते?

पहाटे शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते, तेव्हा कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात, त्यांच्या प्रभावाने यकृत रक्तात साखर सोडते आणि मधुमेहात इन्सुलिन तिला पुरेसा आवर घालू शकत नाही. ही साखर ताटातून आलेली नसल्यामुळे रात्रीचे जेवण आणखी कमी करून ती उतरेलच असे नाही. दोन-तीन रात्री पहाटे तीनला साखर तपासावी आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. रात्रीची गोळी स्वतःहून वाढवू नये.

प्रश्न : ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते ना?

नाही. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 65 ते 70 ग्रॅम कर्बोदके असतात, गव्हाच्या पिठातही जवळपास तितकीच असतात, त्यामुळे भाकऱ्या मोजाव्याच लागतात.

प्रश्न : वय 56. तीन आठवड्यांपासून भात, पोळी आणि साखर बंद केली आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्रित गोळी सकाळी पूर्वीप्रमाणेच घेतो. परवा साडेअकराला दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, मशीनवर 58 दिसले. घाबरून गुळाचा मोठा खडा आणि दोन पेढे खाल्ले, तर दुपारी साखर 260. शेजारी म्हणतात, हा आहार तुम्हाला मानवत नाही. खरे आहे का?

आहार मानवला नाही असा निष्कर्ष कृपया काढू नका, आणि तो शेजाऱ्यांना तर मुळीच काढू देऊ नका. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, समोर जेवण असो वा नसो. ती मात्रा तुमच्या डॉक्टरांनी ठरवली तेव्हा तुमच्या ताटात दोन पोळ्या आणि भात होता. ते अन्न गेले, पण त्याच्यासाठी दिलेले औषध राहिले, म्हणून साखर 58 वर आली. मेटफॉर्मिन एकटे असते तर असे सहसा झाले नसते. आहारात मोठा बदल करायचा असेल तर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने तो सुरू करण्याच्या आधी डॉक्टरांकडे जायला हवे, कारण मात्रा त्याच दिवसापासून कमी करावी लागू शकते. तीन आठवड्यांनी, घाम फुटल्यावर पत्र लिहिणे हा उशीर आहे, आणि तो एखाद्या दिवशी गाडी चालवताना महागात पडेल.

आता त्या 260 विषयी. गूळ आणि पेढे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त झाले, शिवाय साखर घसरल्यावर शरीरानेही ती वर आणणारी संप्रेरके सोडली. माझी खरी काळजी यापुढची आहे, कारण 260 पाहून अनेकजण संध्याकाळी अर्धी गोळी जास्त घेतात आणि मग झोपेत साखर पुन्हा कोसळते. माझ्यासमोर येणाऱ्या वह्यांमध्ये रोज सकाळचा आकडा निळ्या शाईत नेटका लिहिलेला असतो आणि दुपारचा रकाना कोरा असतो. घसरण नेमकी त्या कोऱ्या रकान्यात झालेली असते. आहार बदलल्यावर पहिले दोन आठवडे तरी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना अशी नोंद ठेवा.

साखर 70 च्या खाली गेली तर सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात ढवळून घ्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि अजूनही 70 च्या खाली असेल तर तेवढीच पुन्हा घ्यावी. पेढ्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते, म्हणून त्या वेळी पेढा उपयोगाचा नाही. गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज हे नाव आहे का तेही आजच पाहा: ते औषध साध्या साखरेचे पचन लांबवते, त्यामुळे अशा वेळी गूळ-साखर नको, ग्लुकोजच हवे. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकू शकतो, म्हणून एकदा साखर सावरली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तुम्ही तर हा अंक हातात पडताच फोन करा.

प्रश्न : 'कीटो आटा' आणि 'शुगर फ्री' बिस्किटे घ्यावीत का?

पाकीट उलटून 'एकूण कर्बोदके' ही ओळ वाचा. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'साखर नाही' लिहायचे आणि आत मैदा भरायचा, हा विक्रीचा जुना डाव आहे. मैद्याची साखर व्हायला पोटात फार वेळ लागत नाही.

प्रश्न : पत्नी डॅपाग्लिफ्लोझिन घेते. दहा दिवसांपासून तिने कर्बोदके जवळजवळ बंद केली आहेत. कालपासून मळमळ, दोन उलट्या आणि धाप आहे, पण साखर 170 च आहे. पित्त असेल म्हणून वाट पाहावी का?

वाट पाहू नये. हे पत्र हाती पडताच त्यांना उत्तर कळवले आहे, येथे ते इतरांसाठी देतो. या गटातील औषधे लघवीतून साखर बाहेर टाकतात. त्यांच्या जोडीला कर्बोदके अगदी कमी झाली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन आम्ले साचू शकतात. मशीनवरचा आकडा बरा दिसतो म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि तोच घात ठरतो. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा विलक्षण थकवा आल्यास गोळी थांबवून तातडीने रुग्णालयात जावे आणि कीटोन तपासण्याचा आग्रह धरावा. ज्यांच्या औषधाचे नाव 'ग्लिफ्लोझिन'ने संपते त्यांनी असा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

प्रश्न : जेवणानंतरचे दोन तास कधीपासून मोजायचे?

पहिल्या घासापासून.

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा आहे, टाइप 1 मधुमेह आहे. भात-पोळी पूर्ण बंद केली तर इन्सुलिन बंद करता येईल असा संदेश मोबाइलवर आला आहे.

नाही, एक दिवसही नाही. त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही आणि काहीही न खाता त्याला ते लागतेच. वाढत्या वयात त्याचे अन्न तोडण्याचा निर्णय घरी घेऊ नका. पुढच्या भेटीत हा संदेश त्याच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर तो कोणालाही पुढे पाठवू नका.